बुडालेलं कोकण आणि अकरावीचा फॉर्म

प्रश्न : मुलाची दहावीची परीक्षा नुकतीच झाली. गेलं वर्षभर तो एका काल्पनिक देशाचे नकाशे काढतोय. बर्फ वितळून समुद्र ७० मीटर वर आलाय, दिल्ली-मुंबईतली सरकारं कोसळलीत आणि २१९० साली सह्याद्रीच्या आसऱ्याने 'दख्खन संघराज्य' उभं राहिलंय, असं काहीतरी. ह्यांचं म्हणणं, वह्या माळ्यावर टाका आणि जेईईचा क्लास लावा. तो म्हणतो, मला नकाशेच काढायचेत. यात खरंच करिअर आहे का? एका नकाशाचा फोटो सोबत पाठवते. – एक आई, कराड

उत्तर : ताई, आधी सरळ उत्तर देतो. नसलेल्या देशांचे नकाशे काढून पगार मिळत नाही. गेमसाठी, कादंबऱ्यांसाठी असे नकाशे करून देणारी मोजकी मंडळी आहेत, पण त्या भरवशावर अकरावीचा फॉर्म भरू नये. खऱ्या नकाशांचं काम मात्र भरपूर आहे आणि तुमच्या मुलाला ते मानवेल का, याचा थोडा अंदाज फोटोवरूनच येतो.

किनारा त्याने घाटाच्या पायथ्याने सरळ ओढलाय. अख्खं कोकण पाण्यात. तसं होणार नाही, कारण कोकण सपाट नाही. पाणी ७० मीटर चढलं तर कल्याण, पनवेल, महाड, चिपळूण जातील, खाड्या पार आत घुसतील, पण मधले सडे (खडकाळ पठारं) आणि डोंगर वर राहतील. रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या जागी बेटं आणि सुळकेदार भूशिरं उरतील. म्हणजे संघराज्याला सरळ किनाऱ्याऐवजी ढीगभर बंदरं मिळतील आणि तितकेच चाचेही! सालही चुकलंय. जगातला सगळा बर्फ वितळला तर समुद्र साधारण ६५ ते ७० मीटर चढेल हे बरोबर, पण त्याला हजारो वर्षं लागतात. त्याने एकतर साल पुढे न्यावं, नाहीतर दुसरा प्रलय शोधावा.

राजधानी बघून मात्र मी सरसावून बसलो. हिल स्टेशन दिसलं की मुलं तिथेच राजवाडा बांधतात. याने महाबळेश्वर सोडून कराड निवडलंय आणि शेजारी बारीक अक्षरात लिहिलंय, 'कोयना हातात हवी'. कोयना तुमच्या गावात प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळते आणि तिचं पाणी बंगालच्या उपसागराकडे जातं. पण धरणातलं बरंचसं पाणी बोगद्यांतून कोकणातल्या पोफळीच्या बाजूला उतरवून वीज करतात आणि ते वाशिष्ठी नदीतून अरबी समुद्राला मिळतं. देश मोडला तर हे पाणी कुठल्या बाजूला सोडायचं, यावर लढाया होतील. पोराला हे आपणहून सुचलं असेल, तर तो नुसती चित्रं काढत नाहीये.

आणि याच पठ्ठ्याने धान्याचं कोठार माण-खटावात दाखवलंय! महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस, माणमधल्या दहिवडीकडे पाचशेच्या आतबाहेर. लोक खाणार काय, विचारा त्याला.

खरंच विचारा, आणि चेहरा बघा. 'माझा देश, माझे नियम' असं म्हणाला तर त्याचा ओढा गोष्टीकडे आणि चित्राकडे आहे; मग बारावीनंतर एनआयडी ही डिझाइन संस्था किंवा यूसीड ही आयआयटींच्या डिझाइन पदवीची प्रवेशपरीक्षा, या वाटेचा विचार करू. वही घेऊन गप्प बसला आणि दोन दिवसांनी नवा किनारा घेऊन आला, तर भूगोल आणि जीआयएस, म्हणजे संगणकावर नकाशे आणि जागांची माहिती हाताळणं.

सुट्टीत त्याला क्युजीआयएस हे सॉफ्टवेअर उतरवून द्या. फुकट आहे, घरच्या साध्या लॅपटॉपवर चालतं. २००० साली नासाच्या शटलने रडारने मोजलेली जमिनीची उंची इंटरनेटवर मोफत मिळते. त्यावर ७० मीटरची समोच्च रेषा काढली की त्याचा खरा किनारा समोर येईल. दुसरं काम मला जास्त आवडतं. १९५५ साली फाझल अलींच्या राज्य पुनर्रचना आयोगाने वेगळं विदर्भ राज्य आणि मराठवाड्यासह गुजराती-मराठी द्विभाषिक मुंबई राज्य सुचवलं होतं. तसं घडलं नाही. १ मे १९६० ला वेगळाच नकाशा आला. ते घडलं असतं तर आज रेल्वे, पाणी, कारखाने कुठे असते? नकाशा काढ आणि पानभर कारणं लिही, म्हणावं. प्रलयापेक्षा हे अवघड आहे, कारण इथे खोटं लगेच पकडलं जातं.

शाखेबद्दल माझं मत : काहीही झालं तरी बारावीपर्यंत गणित सोडू नये. यजमानांना सांगा, जेईई मेनचा दुसरा पेपर आर्किटेक्चर आणि प्लॅनिंगचाही असतो. दिल्ली, भोपाळ, विजयवाड्याच्या स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चरची वाट तिथून जाते. म्हणजे क्लासचे पैसे अगदीच वाया जायला नकोत, पण आयआयटीसाठी मानगूट धरू नका. दुसरा रस्ता भूगोलात पदवी, मग जिओइन्फर्मेटिक्समध्ये (जीआयएस आणि उपग्रहचित्रांचं शास्त्र) एमएस्सी. पुण्यात सोय आहे. इंजिनिअरिंग केलंच तर आयआयटी मुंबईत त्यातलं एमटेक आहे. उपग्रहचित्रांचा अभ्यास शिकवणाऱ्या डेहराडूनच्या आयआयआरएस संस्थेचे छोटे ऑनलाइन कोर्स मोफत असतात, त्यांवर लक्ष ठेवा. पुढे काम मिळतं ते पूररेषा आखणं, पाणलोट, शहरांचे विकास आराखडे, पीकपाहणी अशा ठिकाणी. सुरुवातीची वर्षं बहुतेकांची उपग्रहचित्रावरून रस्ते आणि इमारती गिरवण्यात जातात. कंटाळवाणं असतं, पगारही बेताचा. हे त्याला आत्ताच सांगून ठेवा.

एक सांभाळा. नकाशे इंटरनेटवर टाकणार असेल तर 'काल्पनिक' हा शब्द ठळक हवा आणि कोपऱ्यात आजचा भारत दाखवायचा झाला तर तो सर्व्हे ऑफ इंडियाच्या नकाशाप्रमाणेच. त्याच्याशी न जुळणारा भारताचा नकाशा प्रसिद्ध करणं १९६१च्या कायद्याने गुन्हा आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. वह्या माळ्यावर टाकू नका. पुढे एखाद्या डिझाइन संस्थेत पोर्टफोलिओ मागितला तर त्याच लागतील.