भाचीचा ‘नेटिव्हिटी’ दाखला

प्रश्न असा आहे: ‘भाची चेन्नईत वाढली. कॉलेजप्रवेशासाठी तिच्याकडे नेटिव्हिटी सर्टिफिकेट मागितलं. कोशात नेटिव्हिटीचा अर्थ जन्म, विशेषतः ख्रिस्तजन्म, असा दिलाय. भाचीचा जन्म नागपूरचा, आजोळचा. महापालिकेचा जन्मदाखला आहे, पण तो चालत नाही म्हणतात. मग नेटिव्हिटी म्हणजे जन्म की आणखी काही?’

कोश खोटं सांगत नाही, पण अर्ध्यावर थांबतो.

इंग्रजीत जन्माला रोजच्या वापरातला शब्द ‘बर्थ’. तो ‘बेअर’, म्हणजे वाहणे, या क्रियापदाच्या गोतातला. संस्कृतातला ‘भृ’ धातू आणि आपला ‘भार’ हे त्याचे लांबचे भाऊबंद. म्हणजे बर्थ हा शब्द आईच्या बाजूने बघतो: तिने नऊ महिने ओझं वाहिलं. नेटिव्हिटी आला लॅटिनमधून, फ्रेंचच्या वाटेने, आणि त्याच्या पोटात आहे ‘नाटुस’, म्हणजे जन्मलेला. हा बाळाच्या बाजूचा शब्द. आपल्याकडेही आई बाळंत होते आणि बाळ जन्माला येतं. दोघांची क्रियापदं वेगळी. म्हणूनच इस्पितळात मॅटर्निटी वॉर्ड असतो, नेटिव्हिटी वॉर्ड कुठेच नसतो.

नाटुसचं आणखी जुनं रूप ‘ग्नाटुस’. त्याच्याशेजारी संस्कृत ‘जात’ (जन्मलेला) ठेवून बघा. नुसतं साम्य नाही, एकाच मूळ शब्दाची ही दोन रूपं आहेत. लॅटिनने पुढे ‘ग’ गाळला, संस्कृतने त्याचा ‘ज’ केला. ही जोडी लक्षात ठेवा, पुढे दोनदा लागणार आहे.

इंग्रजीत हा शब्द आधी चर्चच्या पंचांगात दिसतो, सणाचं नाव म्हणून. त्या पंचांगात नेटिव्हिटी तिघांच्याच: येशूची २५ डिसेंबरला, मारियेची ८ सप्टेंबरला आणि बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाची २४ जूनला. वांद्र्याची माउंट मेरीची जत्रा ८ सप्टेंबरनंतरच्या रविवारपासून आठवडाभर भरते, ती या मधल्या नेटिव्हिटीची. बाकी संतांचे दिवस बहुधा त्यांच्या मृत्यूचे. गंमत अशी की त्या मृत्युदिनालाही लॅटिनमध्ये ‘दिएस नातालिस’, जन्मदिवस, म्हणत. हुतात्मा इथे मेला तो स्वर्गात जन्मला, असा हिशेब. आपण जयंती आणि पुण्यतिथी वेगवेगळ्या पाळतो. तिथे पुण्यतिथीलाच जयंतीचं नाव.

याच ‘नातालिस’चं पोर्तुगीज रूप ‘नाताल’. ते कोकणी-मराठीत आलं आणि ‘नाताळ’ झालं. म्हणजे नेटिव्हिटी हा शब्द परका वाटला तरी त्याचा सख्खा भाऊ आपल्या घरात कधीचा फराळ करून बसलाय. वास्को द गामा १४९७च्या नाताळात दक्षिण आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यालगत होता, म्हणून त्या किनाऱ्याचं नाव नाताळ पडलं. पुढे १८९४मध्ये गांधीजींनी नाताळ इंडियन काँग्रेस काढली, ती या किनाऱ्यावरच्या नाताळात.

नाताळच्या देखाव्यालाही इंग्रजीत नेटिव्हिटी म्हणतात. वसईच्या एका मित्राकडे त्याचे वडील दहा दिवस आधी ताटलीत गहू पेरतात आणि बोटभर वाढलेली ती हिरवळ गोठ्यापुढे शेत म्हणून मांडतात. गव्हाणीत बाळ मात्र २४च्या मध्यरात्रीपर्यंत ठेवत नाहीत, तोवर ती रिकामी. हा देखावा लोकप्रिय झाला तो असिसीच्या संत फ्रान्सिसमुळे. त्याने १२२३मध्ये इटलीतल्या ग्रेच्चो गावी खरा बैल आणि खरं गाढव उभं करून तो मांडला होता. बायबलमधल्या शुभवर्तमानांतल्या जन्मकथेत बैलगाढवाचा उल्लेखच नाही, हे जाता जाता.

दुसरा अर्थ ऐकून आपल्याकडच्या ज्योतिषीबुवांना बरं वाटेल. काही शतकं इंग्रजीत नेटिव्हिटी म्हणजे चक्क जन्मपत्रिका. ‘कास्ट अ नेटिव्हिटी’ म्हणजे पत्रिका मांडणे. विल्यम लिली या लंडनच्या ज्योतिषाने १६४७मध्ये इंग्रजीत जाडजूड ज्योतिषग्रंथ काढला, त्याचा तिसरा भाग सगळा नेटिव्हिटींचा. शेक्सपिअरच्या ‘किंग लिअर’मध्ये अनौरस एडमंड बापाच्या ग्रहताऱ्यांवरच्या विश्वासाची टर उडवतो, तिथेही हाच शब्द आहे. माझी नेटिव्हिटी म्हणे सप्तर्षींच्या तारकासमूहाखाली, म्हणून मी असा रासवट. अरे, आकाशातली सगळ्यांत सोवळी चांदणी तेव्हा चमकत असती तरी मी असाच निघालो असतो! पाश्चात्त्य ज्योतिषी ज्याची पत्रिका बघतात त्याला आजही ‘नेटिव्ह’ म्हणतात. आणि आपले ज्योतिषी? ‘जातक’. वर ठेवलेली जोडी इथे पहिल्यांदा भेटते.

दुसऱ्यांदा भेटते ती जागा इतकी गोड नाही. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये जमीनदाराच्या ताब्यातल्या वेठकऱ्याला कायद्याच्या लॅटिनमध्ये ‘नातिवुस’ म्हणत. म्हणजे जन्मानेच बांधलेला. असा माणूस पळाला तर धनी ‘दे नातिवो हाबेन्दो’ या नावाचा हुकूम मिळवून त्याला परत मागू शके. पुरावा काय, तर त्याचे नातेवाईक कोर्टात उभे करायचे: हे वेठकरी, हा यांच्या रक्ताचा, म्हणून हाही वेठकरी. सनद असलेल्या शहरात वर्ष आणि एक दिवस कुणी दावा न करता काढला, तर तो सुटे. हाच ‘नातिवुस’ फ्रेंचमधून ‘नाईव्ह’ होऊन आला आणि भोळा-भाबडा असा अर्थ घेऊन बसला.

जन्मलेला एवढाच अर्थ असलेला शब्द माणसाची पायरी ठरवायला लागतो, हे मराठी माणसाला समजावून सांगायची गरज नाही. ‘जात’ या आपल्या शब्दाने दुसरं काय केलं? नातिवुस आणि जात दोघे एका बीजाचे, हजारो वर्षं एकमेकांची गाठ नाही, आणि दोघेही जाऊन बसले त्याच ठिकाणी. मला तरी हे नुसत्या योगायोगाचं वाटत नाही. जन्माचा शब्द सत्तेच्या हाती लागला की तो नोंदवहीतला रकाना होतो. कंपनी सरकारच्या पलटणी ‘नेटिव्ह इन्फंट्री’. १८२०च्या दशकात मुंबईत शाळा आणि पुस्तकं काढणारी संस्था ‘बॉम्बे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटी’. शब्दाचा अर्थ ‘इथला’ इतकाच, पण साहेबाच्या तोंडी त्याचा सूर ‘इथलाच’ असा.

आपल्या लोकांनी मात्र तो शब्द उचलून घरचा करून टाकला. आमच्या ऑफिसातला पालघाटचा सहकारी मे महिन्यात ‘नेटिव्हला जातोय’ म्हणतो. आपण ‘गावाला चाललो’ म्हणतो, तसं. ‘तुमचं नेटिव्ह कुठलं?’ याचं उत्तर कुणी प्रसूतिगृहाचा पत्ता देऊन देत नाही. आपल्याकडे तर पहिलं बाळंतपण माहेरी. निम्मा महाराष्ट्र आजोळी जन्मलेला, पण गाव विचारलं की बापाचं सांगतो. (आईचं का नाही, हा वेगळा वाद आहे.)

तमिळनाडू आणि केरळात महसूल खातं जो नेटिव्हिटीचा दाखला देतं, त्यातला अर्थ हा आहे: मूळ कुठले. अमेरिकेच्या जनगणनेतही नेटिव्हिटी नावाचा तक्ता असतो, पण त्यात प्रश्न निराळा: जन्माने अमेरिकन नागरिक की बाहेरून आलेला. महाराष्ट्रात याच्या जवळचा कागद म्हणजे डोमिसाइल, अधिवास प्रमाणपत्र. तो शब्द लॅटिन ‘दोमुस’वरून, म्हणजे घरावरून आला. आपल्या सरकारने घर धरलं, त्यांच्या सरकारने जन्म. विचारायचं जवळपास तेच आहे.

तेव्हा भाचीच्या कागदाला मराठीत ‘मूळ रहिवासाचा दाखला’ म्हणा. ‘जन्मदाखला’ म्हणालात तर घोटाळा होईल, कारण तो तिच्याकडे आहेच. तिला तो दाखला कोणत्या पुराव्यांवर मिळेल हे तिथलं तहसील कार्यालयच सांगेल. चित्राखाली किंवा शाळेच्या नाटुकल्यावर नेटिव्हिटी दिसलं तर ‘ख्रिस्तजन्म’, जुन्या इंग्रजी पुस्तकात कुणी ती मांडत असेल तर ‘पत्रिका’.

आणि उच्चार. नेटिव्हमध्ये जोर ‘ने’वर, पण नेटिव्हिटीत तो सरकून ‘टि’वर जातो आणि ‘ने’चा जवळजवळ ‘न’ होतो: नटिव्हिटी. खिडकीवर मात्र भाचीला सरळ ‘नेटिव्हिटी’च म्हणू द्या, तिथे सगळे तसंच म्हणतात.