हुरड्याच्या दिवसांत मोटार पाणी का सोडते?

प्रश्न : आम्ही सोलापूर शहरात राहतो. मोहोळ तालुक्यात आमची वडिलोपार्जित शेती असून विहिरीजवळ दोन खोल्यांचे घर आहे. हुरड्याचे दिवस आणि उन्हाळ्याची सुटी सोडली, तर ते घर बंद असते. विहिरीच्या आतील कट्ट्यावर एक अश्वशक्तीची सिंगल फेज मोनोब्लॉक (मोटार आणि पंप एकाच दांड्यावर असलेली) मोटार बसवलेली आहे. मे महिन्यात बंद केलेली ही मोटार डिसेंबरात सुरू केली, तेव्हा आधी ती नुसतीच घुमत राहिली. कारागिराने तिचा दांडा हाताने फिरवून ती मोकळी केली. आता प्रत्येक वेळी पाणी भरून द्यावे लागते, दोन-तीन मिनिटे चांगली धार येते आणि मोटार चालू असतानाच ती तुटते. विहिरीतील पाणी मोटारीपासून जेमतेम बारा फूट खाली आहे. कारागीर नवीन मोटार घेण्यास सांगतो. घ्यावी का?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : घेऊ नये, निदान इतक्यात तरी नाही. जी मोटार दोन-तीन मिनिटे चांगली धार देते, तिचा पाणी फेकणारा पंखा आणि वायंडिंग ठीक आहे, असेच समजावे. दोष बहुधा सक्शनच्या, म्हणजे विहिरीतून पाणी ओढणाऱ्या पाइपात आहे, आणि आपल्या वर्णनावरून तो एक नसून दोन असावेत. पाणी नेमके कोणत्या वेळी सुटते, यावरून ते वेगळे ओळखता येतात.

मोटार बंद केल्यावर पाइपातील पाणी खाली उतरत असेल आणि म्हणून दर वेळी भरावे लागत असेल, तर पाइपाच्या तळाचा फूटव्हॉल्व्ह, म्हणजे पाणी परत खाली जाऊ न देणारी झडप, ज्याला गावाकडे सर्रास ‘फुटबॉल’ म्हणतात, तो घट्ट बसत नाही. आपल्या भागातील विहिरींचे पाणी खडकातून झिरपून येते आणि क्षारयुक्त असते. मोटार महिनोन्महिने बंद राहिली की झडपेच्या बैठकीवर क्षारांचा थर धरतो, वायसर कडक होते, किंवा बारीकसा खडाही झडप अर्धवट उघडी ठेवतो. परंतु झडप गळकी असली, तरी मोटार चालू असताना ती पाण्याच्या ओढीने उघडीच असते. त्यामुळे चालू धार तुटण्याचा दोष तिच्यावर टाकता येत नाही. चालू धार तुटते ती सक्शनच्या एखाद्या जोडातून किंवा ग्लँडमधून (पंपात शिरणाऱ्या दांड्याभोवतीची फट दोरी भरून बंद केलेली असते, त्या जागेतून) हवा आत ओढली जात असल्यामुळे, अथवा फूटव्हॉल्व्हची जाळी शेवाळाने व गाळाने तुंबल्यामुळे. विहिरीत पाणी बारा फुटांवर असताना पाणी कमी पडल्याची शंका घेण्याचे कारण नाही. मात्र फूटव्हॉल्व्ह पाण्याखाली निदान दोन फूट बुडालेला आहे ना, हे पाहून घ्यावे, कारण तो पृष्ठभागाजवळ असला तर भोवरा होऊन हवा आत जाते.

तपासणी करताना प्रथम मेन स्विच बंद करून फ्यूज काढून खिशात ठेवावा. मग पाणी भरण्याच्या तोंडातून मोटार काठोकाठ भरून पंधरा मिनिटे पातळी पाहावी. पातळी उतरली आणि बाहेर कोठेही ओल दिसली नाही, तर फूटव्हॉल्व्ह गळतो. एखाद्या जोडाशी किंवा ग्लँडपाशी ओल आली, तर जेथून आता पाणी बाहेर येते तेथूनच मोटार चालू असताना हवा आत जाते, असे खुशाल धरावे. ओल दिसण्याइतके मोठे छिद्र नसेल, तर मोटार सुरू करून जोडांना साबणाचा दाट फेस लावावा. ज्या ठिकाणी फेस आत ओढला जाईल तेथे दोष आहे. आटे उघडून, जुना ताग खरवडून, नवा ताग आणि सफेदा लावून जोड पुन्हा आवळावेत. ग्लँडची दोरी वाळून कडक झाली असेल तर ती पूर्ण काढून नवी भरावी. जुन्या दोरीवर नुसते नट आवळल्याने दांडा झिजतो. आपल्या मोटारीत दोरीऐवजी यांत्रिक सील असेल, तर ते कोरडे चालल्याने खराब होते. म्हणून धार तुटल्यावर ‘येईल पाणी’ म्हणून मोटार चालू ठेवू नये.

फूटव्हॉल्व्ह दुरुस्त करायचा तर पाइप दोराने वर ओढून घ्यावा. विहिरीत उतरण्याची घाई करू नये, हे मी मनापासून सांगतो. बरेच दिवस न वापरलेल्या खोल विहिरीत जड, दूषित हवा तळाशी साठू शकते. पेटता कंदील खाली सोडून पाहण्याची जुनी पद्धत आहे. कंदील विझला तर अजिबात उतरू नये, पण तो पेटता राहिला म्हणून हवा सुरक्षित आहे असे सिद्ध होत नाही. वर दोन माणसे आणि कमरेला दोर असल्याशिवाय कोणालाही खाली पाठवू नये.

सुरुवातीला मोटार का घुमत होती, हेही समजून घ्यावे, म्हणजे पुढच्या वर्षी घाबरायला होणार नाही. ओल्या बिडाच्या आवरणात पंखा गंजून चिकटतो. वीज तोडून दांडा हाताने फिरवला आणि तो अडला, तर हेच कारण. तो सहज फिरत असूनही मोटार घुमत राहिली, तर कपॅसिटर (मोटारीला सुरू होताना जोर देणारा विजेचा भाग) किंवा विजेचा दाब पाहावा. रब्बीच्या पाण्याची वेळ आली की शिवारातल्या सगळ्या मोटारी एकदम चालू होतात आणि दाब पडतो. 230 ऐवजी 180 व्होल्ट मिळाले, तर मोटारीचा सुरुवातीचा जोर सुमारे 60 टक्केच उरतो. घुमणारी मोटार काही सेकंदांत बंद करावी, नाहीतर वायंडिंग जळते. कपॅसिटर वीज बंद केल्यावरही भार धरून ठेवतो, त्यामुळे त्याच्या टोकांना हात लावू नये.

थंड प्रदेशात पाणी गोठून आवरण फुटते म्हणून हंगाम संपताना पंप रिकामा करतात. आपल्याकडे ती भीती नाही. आपला शत्रू गंज आणि क्षार. शेजारच्या शेतकऱ्याला विनंती करून पंधरा दिवसांनी पाच मिनिटे मोटार चालवून घेणे हा सर्वांत चांगला उपाय आहे. तशी सोय नसेल, तर खालचा प्लग उघडून पाणी काढून टाकावे आणि पुन्हा सुरू करण्यापूर्वी दांडा हाताने फिरवून पाहावा. पावसाळ्यात पाणी कट्ट्यापर्यंत चढत असेल, तर मोटार जूनमध्येच वर आणून ठेवावी.

प्रश्न : आमच्या विहिरीत मे महिन्यात पाणी मोटारीपासून 35 फूट खाली जाते. दीडऐवजी तीन अश्वशक्तीची मोटार घेतली, तरी पाणी येत नाही.
— एक वाचक, सांगोला

उत्तर : पाणी वर ढकलते ते बाहेरच्या हवेचे वजन, पंप फक्त पाइपात पोकळी करतो. समुद्रसपाटीला हवेचा दाब पाणी 10.3 मीटरपर्यंतच चढवू शकतो. आपल्या पठारावर त्याहून थोडे कमी. घर्षण आणि गळती धरता प्रत्यक्षात 6 ते 7 मीटर, म्हणजे 20 ते 23 फूट, हीच मर्यादा. तिला अश्वशक्तीने काही फरक पडत नाही. मोटार पाण्याजवळच्या खालच्या कट्ट्यावर न्यावी, किंवा पाण्यात बुडून चालणारी ओपनवेल सबमर्सिबल मोटार घ्यावी. अशी मोटार घेतल्यास अर्थिंग चोख करून घ्यावे, आणि मोटार चालू असताना कोणालाही त्या विहिरीत पोहू देऊ नये.