हळद घरची, मग करिअर मुंबईतच कशाला?

मिरजेजवळच्या एका गावातून पत्र आलंय, बीएस्सी अ‍ॅग्रीचं शेवटचं वर्ष, घरी हळद, बाबा म्हणतात एमपीएससी कर, मुलीला आयपीआरमध्ये, म्हणजे पेटंट-ट्रेडमार्कसारख्या बौद्धिक संपदा हक्कांच्या कामात जायचंय पण सगळे सांगतात की ते काम मुंबई-दिल्लीतच, आणि एका क्लासवाल्याने भरमसाठ फीचा डिप्लोमा गळ्यात मारायला घेतलाय.

अगं, आधी तो डिप्लोमा थांबव. पेटंट एजंट, म्हणजे नव्या शोधांवरच्या हक्कासाठी लोकांचे अर्ज करून देणारा, व्हायचं तर सायन्स किंवा इंजिनिअरिंगची डिग्री आणि सरकारी परीक्षा लागते, दोन पेपर आणि तोंडी, डिप्लोमाची अट नाहीच. विषयाची चव घ्यायची तर वायपो, म्हणजे संयुक्त राष्ट्रांची बौद्धिक संपदा संघटना, तिच्या अकॅडमीचा बेसिक ऑनलाइन कोर्स फुकट आहे, तो आधी कर.

आता मुंबई-दिल्लीचं. पेटंटचं काम मोठ्या शहरात जास्त हे खरंय, पण तुझ्या घरचंच बघ ना. हळदीने जखम भरते यावर अमेरिकेत १९९५ ला पेटंट दिलं गेलं होतं, डॉ. माशेलकर प्रमुख असताना सीएसआयआर या सरकारी विज्ञान संशोधन संस्थेने जुने ग्रंथ, छापील पुरावे पुढे ठेवले आणि १९९७ मध्ये ते रद्द झालं. ती लढाई दिल्लीतून झाली, मान्य. पण सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये जीआय, म्हणजे त्या भागाच्या नावाचा कायदेशीर हक्क, मिळाला, पुढचं काम गावातलंच आहे. जीआय नोंदवते संस्था, पण शेतकऱ्याला ते नाव हक्काने पाकिटावर लावायचं तर त्याने स्वतः अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद करावी लागते, आणि इथेच गाडी अडते, कारण फॉर्म कोण भरणार, कागद कोण जमवणार? नोंद नसेल तर हळद नुसती पोत्यातून जाते आणि नावाचे पैसे दुसराच कुणीतरी कमावतो, याचं मला मनापासून वाईट वाटतं. शिवाय शेतकरी कंपनीच्या ब्रँडला ट्रेडमार्क लागतो, मसाल्यांचा नोंदणीतला वर्ग (क्लास) ३०, तेही काम आहेच. मिरजेच्या सतार-तंबोऱ्यालाही २०२४ ला जीआय मिळालाय, तिथल्या कारागिरांनाही हीच मदत लागणार.

सुरुवातीला यात पैसा कमी, हे लपवत नाही. म्हणून शेतकरी कंपनीत किंवा ट्रेडमार्कच्या ऑफिसात नोकरी धर, सोबत पेटंट एजंटची तयारी कर, पुढे जमलं तर तीन वर्षांचं एलएलबी. एमपीएससीचा फॉर्म भरायचा तर भर, बाबांशी त्यावरून भांडू नकोस.

आणि आज संध्याकाळी त्यांना एवढंच विचार, तुमचं नाव अधिकृत वापरकर्त्यांत आहे का? नसेल तर पहिला फॉर्म त्यांचाच भर आणि कुठे अडलं ते मला कळव.