मालिकेत अवयवदात्याला डॉक्टर-नर्स रांगेत उभं राहून निरोप देतात. विदर्भात असं खरंच होतं का?

हो, होतं, पण तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात नाही. व्हेंटिलेटर आणि अवयव काढायची परवानगी असलेल्या मोठ्या दवाखान्यात, आपल्याकडे बहुतेक नागपुरात. तो निरोप कायद्यानं सक्तीचा नाही, दवाखान्याच्या मनावर आहे. आयसीयूत नर्सिंग करत असल्यानं जवळून पाहिलाय: खाट ऑपरेशन थिएटरकडे निघते, एक जण हातानं श्वास द्यायची पिशवी (अंबू बॅग) दाबत असतो, मॉनिटरवर ठोके चालूच, आणि दोन्ही बाजूंना वॉर्डबॉयपासून सगळे उभे. ते ठोके पाहूनच खेड्यातून आलेले नातेवाईक म्हणतात, "जीव आहे न अजून!" पण ठोके चालू असले तरी मेंदू कायमचा बंद पडलेला असतो. हाच मेंदूमृत्यू, आणि तो ४ डॉक्टरांनी, किमान ६ तासांच्या अंतरानं दोनदा तपासून ठरवावा लागतो. मालिकावाले हे एका जाहिरातीआधी उरकतात. मात्र घरी मृत्यू झाला तर किडनी, यकृत देता येत नाही. डोळे साधारण ६ तासांच्या आत देता येतात: पापण्या मिटून वर ओला कापूस ठेवा, पंखा बंद करा आणि नेत्रपेढीला लगेच फोन लावा.