ओपन मशीनवरच्या प्रोस्टेट एमआरआयमध्ये ‘काही दिसत नाही’ म्हणजे नक्की काय?

काकांचा पीएसए (प्रोस्टेटची रक्ततपासणी) ७.२, प्रोस्टेट ४० सीसी, ०.३ टेस्लाच्या (टेस्ला म्हणजे चुंबकाच्या ताकदीचं माप) ओपन मशीनवर एमआरआय, रिपोर्टात ‘संशयास्पद गाठ दिसत नाही’, आणि तरीही युरॉलॉजिस्ट बायोप्सी म्हणताहेत. ‘मग एमआरआय केलाच कशाला?’ हा तुमचा वैताग समजतो. आमच्या घरीही हाच पेच पडला होता. मी डॉक्टर नाही आणि तुमचे फोटो पाहिलेले नाहीत, हे आधीच सांगतो.

माझं मत: या रिपोर्टच्या भरवशावर बायोप्सी टाळू नये. ७.२ भागिले ४० म्हणजे पीएसए डेन्सिटी ०.१८. ०.१५ च्या वर गेली की स्वच्छ एमआरआयनंतरही बरेच डॉक्टर बायोप्सीचा विचार करतात, आणि इथे तर एमआरआयच कच्चा आहे.

कच्चा का? सिग्नल साधारण चुंबकाच्या ताकदीच्या प्रमाणात मिळतो. १.५ टेस्लाच्या मानाने ०.३ वर तो पाचवा हिस्सा. ती तूट नुसत्या वेळेने भरायची तर पंचवीसपट वेळ लागेल. तेवढा वेळ कोणी आत पडून राहणार नाही, म्हणून स्लाइस, म्हणजे फोटोचे काप, जाड घेतात. प्रोस्टेटला ३ मिमीची स्लाइस लागते. ती ६ मिमीची केली की ५ मिमीची गाठ शेजारच्या निरोगी भागात मिसळून जाते. त्याहून मोठी गोची डिफ्यूजनची, म्हणजे पेशींमधल्या पाण्याची हालचाल दाखवणाऱ्या फोटोंची. बाहेरच्या भागातल्या, म्हणजे पेरिफेरल झोनमधल्या गाठीचा निवाडा मुख्यतः डिफ्यूजनवर होतो आणि त्यासाठी १४०० किंवा त्याहून जास्त बी-व्हॅल्यू (डिफ्यूजनचा फोटो किती तीव्रतेने घेतला त्याचा आकडा) हवी. जुन्या ओपन मशीनचे ग्रेडियंट (हे फोटो घडवणारी चुंबकी कॉइल) कमजोर. तिथवर पोचायला वेळ घेतात आणि तोवर सिग्नल विरून जातो. पाय-रॅड्सच्या (प्रोस्टेट एमआरआयमध्ये संशय किती ते १ ते ५ आकड्यात सांगायची पद्धत) नियमावलीत १.५ टेस्लाखालचं मशीन, पुरेसा पुरावा येईपर्यंत, सुचवलेलंच नाही.

आता ज्याने सगळ्यात जास्त नुकसान केलं ते. आमच्या सेंटरने रिपोर्टात ना टेस्ला लिहिलं, ना बी-व्हॅल्यू, ना पाय-रॅड्सचा आकडा. मूळ डायकॉम फाइल (मशीनमधून निघालेले मूळ डिजिटल फोटो) मागितल्या तर ‘फिल्म दिलीय ना’ हे उत्तर. फिल्मवरून दुसरं मत नीट मिळत नाही आणि फ्यूजन बायोप्सीच्या (एमआरआयचे फोटो सोनोग्राफीवर जुळवून नमुना घेण्याच्या) सॉफ्टवेअरला फिल्म चालतच नाही. रुग्णाचा स्वतःचा डेटा आणि काउंटरवरचा माणूस उपकार केल्यासारखं बोलतो! तुम्ही डायकॉमची सीडी लेखी अर्ज देऊन मागा, आणि घरी नेण्याआधी तिथेच उघडून बघा. कधी कधी आत नुसते जेपीजी असतात.

पण ‘लो-फील्ड’ म्हणजे सगळं टाकाऊ, असंही नाही. ०.५५ टेस्लाची नवी मशीन वेगळ्या जातीची आहेत. खुब्यात धातूचा सांधा असेल किंवा गुदाशयात गॅस असेल, तर डिफ्यूजनचे फोटो वेडेवाकडे होतात. कमी टेस्लावर ते कमी होतं. काकांचा खुबा बदललेला असेल तर हा पर्याय जरूर विचारा. दुसरा प्रकार एका बाजूने लागणाऱ्या चुंबकाचा. प्रोमॅक्सोचं असं यंत्र ५८ ते ७४ मिलिटेस्लावर चालतं आणि अमेरिकेच्या एफडीएने २०२१ मध्ये त्याला मंजुरी दिली. माझ्या मते त्याचा खरा उपयोग सुई नेमकी न्यायला: आधी मोठ्या मशीनवर गाठ शोधायची, मग ते फोटो यावर जुळवून नमुना घ्यायचा. गाठ नाहीच, हे ठरवायला नव्हे.

पेसमेकर असेल तर ‘कमी टेस्ला म्हणजे सुरक्षित’ असं गृहीत धरू नका. बऱ्याच उपकरणांची तपासणी १.५ आणि ३ टेस्लावर झालेली असते. पेसमेकरच्या कार्डावर जे लिहिलंय तेच खरं.

एमआरआय पुन्हा करायचा ठरला तर बायोप्सीच्या आधी करा. नंतर निदान सहा आठवडे थांबावं लागतं, कारण आत साकळलेलं रक्त गाठीसारखं भासू शकतं. जाण्याआधी पोट साफ हवं.

आणि काका फिनास्टेराइड किंवा ड्युटास्टेराइड (वाढलेल्या प्रोस्टेटच्या गोळ्या) घेतात का ते बघा. सहा महिन्यांहून जास्त घेत असतील तर या गोळ्या पीएसए साधारण निम्मा करतात; मग ७.२ चे १४.४ धरायचे आणि डेन्सिटी ०.३६ होते.