टॉमला कोण पावलं?

प्रिय मनू,

काल आजीने फोनवर शुक्रवारची कहाणी संपवली, "तशी तुम्हां-आम्हां प्रसन्न होवो", आणि तू फटकन विचारलंस, "मग टॉम रॉबिन्सनला का नाही कोणी पावलं?" आजीला वाटलं, तुझ्या वर्गातला कुणी मुलगा. मला मात्र लागलं ते.

टॉम हा हार्पर लींच्या 'टू किल अ मॉकिंगबर्ड' मधला, खोट्या आरोपात अडकलेला काळा माणूस; कादंबरी १९६० ची. टॉम निर्दोष आहे हे कोर्टाला दिसत असतं, तरी ज्युरी त्याला दोषी ठरवतात आणि टॉमच्या वकिलाचा मुलगा जेम रडत बाहेर पडतो. बाबा जिंकणार, याबद्दल त्याला शंकाच नसते.

मलाही नसायची. तुझे आजोबा जिल्हा कोर्टात वकील. नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या घराजवळच्या शिंप्याला मालक खोलीतून काढत होता, केस आजोबांकडे होती, म्हणजे माझ्या लेखी ती जिंकल्यातच जमा. ते हरले. मी रडायला लागले तर कोट काढता काढता म्हणाले, "काऊन रडून राहिली? अपील आहे ना." आणि सरळ जेवायला बसले. त्यांच्या त्या जेवण्याचा मला फार राग आला होता.

कहाणीतली लक्ष्मी घर भरून टाकते, ते मला तेव्हाही खरं वाटायचं नाही. मला आवडायची ती बहीण. गरीब म्हणून भावाने पंगतीतून उठवलेली. पुढे श्रीमंत झाल्यावर भाऊ मानाने जेवायला बोलावतो, तर ती दागिने उतरवून पाटावर मांडते आणि एकेक घास त्यांच्यावर ठेवते; बोलावणं त्यांनाच होतं ना! हे देवीने नाही केलं, तिने केलं. (पण आधी पैसा आला म्हणूनच करता आलं, हे तू म्हणशीलच. म्हण.)

आणि आमच्याच नागपुरात, १४ ऑक्टोबर १९५६ ला, बाबासाहेबांबरोबर लाखो लोकांनी कोणी पावायची वाट बघणंच सोडून दिलं. दीक्षाभूमी घरापासून फार लांब नाही, पण आमच्या घरात कहाणी वाचताना हा विषय कधी निघाला नाही. का, ते तुला हळूहळू कळेल. मला उशिरा कळलं.

शिंप्याच्या अपिलाचं काय झालं, तेही मी कधी विचारलं नाही. आजोबा जिंकलेच असणार, असं धरून चालले.

पुढच्या शुक्रवारी बसायचं नसेल तर नको बसूस, खरंच. बसलीस तर टॉम कोण ते आजीला नीट सांग. ती भांडेल तुझ्याशी, तयारीत राहा.

तुझी,
आई