सरकारी फॉर्मवरचे इंग्रजी वाचताना

प्रिय मित्रा,

अनेक आशीर्वाद. अर्जातले ‘अफिडेव्हिट’, ‘हिअरिनआफ्टर’ असे शब्द पाहून आपल्याला इंग्रजी येतच नाही असे वाटू लागले, हे तू कळवलेस. त्या शब्दांची मला फारशी काळजी वाटत नाही, कारण ते अनोळखी आहेत हे तुला दिसते आणि तू आपोआप कोश उघडतोस. फसगत होते ती ओळखीच्या शब्दांपाशी. दस्तऐवज ‘एक्झिक्यूट’ करणे म्हणजे तो रीतसर सही करून पूर्ण करणे. करारातले ‘कन्सिडरेशन’ म्हणजे विचार नव्हे, मोबदला. ‘इन्स्ट्रुमेंट’ म्हणजे लेखी दस्तऐवज. आणि मृत्युपत्रात ‘इश्यू’ म्हणजे चक्क अपत्ये व वंशज. म्हणून एखादा साधा शब्द वाक्यात नीट बसत नसेल, तर त्याला कायद्यात निराळा अर्थ असावा असा संशय आधी घ्यावा आणि नेहमीच्या कोशाऐवजी कायद्याच्या परिभाषेचा कोश पाहावा.

त्याही आधी फॉर्मसोबतच्या सूचना वाच. ‘डिपेंडंट’ कोणाला म्हणायचे, हे प्रत्येक कार्यालय आपल्या कामापुरते ठरवते, त्यामुळे तिथली व्याख्या कोणत्याही कोशापेक्षा वरचढ असते. व्याख्येत ‘मीन्स’ असेल तर अर्थ सहसा तेवढ्यावरच संपतो. ‘इन्क्लूड्स’ असेल तर यादीबाहेरच्या गोष्टीही त्यात येऊ शकतात. ‘रेसिडेन्स’ आणि ‘डोमिसाइल’ या दोन रकान्यांत एकच पत्ता डोळे मिटून लिहू नकोस, कारण पहिल्यात राहण्याचे ठिकाण विचारलेले असते, तर दुसऱ्यात कायद्याच्या दृष्टीने तुझे कायमचे घर जिथे मानले जाते ते ठिकाण.

‘विल अँड टेस्टामेंट’ (दोन्हींचा अर्थ मृत्युपत्रच) यासारख्या जोडशब्दांत मात्र दोन अर्थ शोधत बसू नये. 1066 नंतर फ्रान्समधून आलेल्या नॉर्मन लोकांच्या सत्तेमुळे इंग्लंडच्या कायद्यात फ्रेंच आणि लॅटिन शब्द मूळ इंग्रजी शब्दांशेजारी येऊन बसले, ते अजून उठलेले नाहीत.

सहीच्या वरचा ‘डिक्लरेशन’चा मजकूर सर्वांत सावकाश वाच. दिलेली माहिती खरी असल्याची जबाबदारी तिथे तू स्वतःवर घेतोस, आणि जाणूनबुजून दिलेली खोटी माहिती गुन्हा ठरू शकते. प्रश्नाचा अर्थ कर्मचाऱ्याला निःसंकोच विचार; उत्तर मात्र त्याच्याकडून लिहून घेऊ नकोस. अडलेल्या शब्दांखाली रेघा ओढून कोऱ्या फॉर्मची प्रत मला पाठव, सही त्यानंतर कर.

तुझा हितचिंतक